'राहणार' आणि 'हल्ली मुक्काम' : कार्यालय व घर यांमध्ये ये-जा करणाऱ्या संगणकाच्या पत्त्याचा इतिहास

महसुली कागदपत्रांत आणि न्यायालयीन अर्जांत माणसाच्या नावापुढे दोन संक्षेप वारंवार आढळतात. पहिला 'रा.' आणि दुसरा 'ह. मु.'. 'रा. लाखांदूर, ह. मु. नागपूर' असे लिहिले असता लिहिणाऱ्याने एकाच ओळीत दोन भिन्न गोष्टी सांगितलेल्या असतात. हा मनुष्य मूळचा कोठला ही पहिली, आणि आज त्याला पत्र धाडावयाचे झाल्यास ते कोठे धाडावे ही दुसरी. भाषेच्या अभ्यासकाला यात विशेष लक्षणीय वाटते ते असे की, हा भेद कोणा पंडिताने शिकवलेला नाही. माणसे पोटापाण्यासाठी गाव सोडून जातात, पण गावाशी असलेले नाते सोडीत नाहीत, या अनुभवातून तो कागदावर उतरला आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र माणसाचा नसून त्याच्या हातातील लॅपटॉपचा मुक्काम हा आहे. सकाळी कार्यालयाच्या जाळ्याला आणि संध्याकाळी घरच्या जाळ्याला जोडल्या जाणाऱ्या यंत्राला आपला पत्ता दिवसातून दोनदा बदलावा लागतो. हा बदल आज इतक्या सहजतेने होतो की त्याला काही इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. तथापि तो इतिहास आहे, आणि त्याचे सार थोडक्यात सांगावयाचे तर असे : संगणकजाळ्यांच्या रचनाकारांनी आरंभी 'राहणार' आणि 'हल्ली मुक्काम' हे दोन्ही एकच मानले, त्यामुळे स्थलांतराचा सारा भार प्रवाशावर पडला, आणि पुढील तीन दशकांतील बहुतेक सुधारणा हा भार प्रवाशाकडून काढून ठिकाणाकडे सोपवण्याच्या होत्या. संगणकशास्त्र हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे. परंतु नाव, पत्ता आणि ओळख यांचा परस्परसंबंध हा भाषाशास्त्राचा जुनाच प्रश्न आहे, आणि त्या नात्यानेच येथे हा विचार केला आहे.

या प्रश्नाचे प्रत्यक्ष रूप पाहण्यास भंडारा जिल्हा सोयीचा आहे. भंडारा आणि नागपूर यांत सुमारे साठ किलोमीटरांचे अंतर आहे. नागपुरात बिऱ्हाड आणि भंडारा, तुमसर किंवा साकोली येथे नोकरी, असा संसार करणाऱ्यांची येथे उणीव नाही. कोणी बसने येतो, कोणी वरठी येथील भंडारा रोड स्थानकावर उतरतो. आणि या दैनंदिन येरझारीला सर्वांच्या तोंडी एकच शब्द आहे : 'अप-डाऊन'. कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे असा सरकारी आग्रह जुना आहे आणि त्यावरून होणारे वादही जुनेच आहेत. या अप-डाऊन करणाऱ्यांच्या पिशवीत गेल्या वीसएक वर्षांत लॅपटॉप आला, आणि माणसाबरोबर यंत्राचेही अप-डाऊन सुरू झाले.

आता मूळ रचनेकडे वळू. इंटरनेटवर यंत्राचा पत्ता कसा असावा याचा जो नियम आजही बव्हंशी चालू आहे तो सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पत्ता म्हणजे चार संख्या, प्रत्येक शून्यापासून २५५ पर्यंत. अशा पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी भरते. या चार संख्यांचे दोन भाग पडतात. आरंभीचा भाग जाळे कोणते ते सांगतो, आणि उरलेला भाग त्या जाळ्यातील यंत्र कोणते ते सांगतो. आपण पत्ता लिहिताना व्यक्तीपासून निघून मुक्काम, पोस्ट, तालुका आणि जिल्हा असे लहानाकडून मोठ्याकडे जातो; येथे क्रम उलटा, मोठ्याकडून लहानाकडे, इतकाच फरक. महत्त्वाची गोष्ट ही की, पत्त्याच्या पोटातच ठिकाण दडलेले आहे. यंत्र ठिकाणावरून हलले की त्याचा पत्ता खोटा ठरतो. आणि जाळ्याच्या दृष्टीने यंत्राची ओळख या पत्त्यानेच पटत असल्यामुळे, पत्ता खोटा ठरला म्हणजे ओळखही हरपते.

१९८१ साली ही अडचण कोणास जाणवण्याचे कारण नव्हते, कारण तेव्हाचे संगणक जागचे हलत नव्हते. आपल्याकडेही हीच स्थिती होती. १९८६ साली आरंभलेल्या 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि केंद्र सरकारचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ सहभागी होते. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे जोडण्यास प्रारंभ केला. जिल्हाधिकारी कार्यालयातील एका खोलीत ठेवलेले यंत्र त्याच खोलीत जुने होई आणि तेथेच निकालात निघे. जो कधी गाव सोडत नाही त्याच्या कागदावर 'ह. मु.' लिहिण्याचा प्रसंगच येत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. तीही आरंभी काही मोठ्या शहरांतच होती. जिल्ह्याच्या गावी घरोघर कायमची जोडणी मिळण्याची शक्यता भारत संचार निगमाच्या ब्रॉडबँड सेवेने, म्हणजे २००५ नंतर, निर्माण झाली. अर्थात कार्यालय आणि घर अशी दोन जाळी, आणि त्यांमध्ये फिरणारे एक यंत्र, हा प्रसंग आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षे उशिरा उद्भवला. तरीही त्याच्या साऱ्या अवस्था आपण अनुभवल्या, हे पुढील आठवणीवरून दिसेल.

सुमारे अठरा वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक ज्या कार्यालयात काम करीत होता तेथे प्रत्येक यंत्राला ठरीव पत्ता दिलेला असे. तो एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या बुडाला चिकटवलेला होता. चिठ्ठीवर चार ओळी होत्या : यंत्राचा पत्ता, जाळ्याची मर्यादा दाखवणारा मुखवटा, जाळ्याबाहेर जाण्याच्या दाराचा पत्ता, आणि नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या यंत्राचा पत्ता. संध्याकाळी घरी आल्यावर हे सर्व पुसावयाचे आणि सकाळी पुन्हा भरावयाचे, असा नित्यक्रम होता. एके दिवशी एक अंक चुकला आणि दुसऱ्याच एका सहकाऱ्याचा पत्ता माझ्या यंत्राने घेतला. दोघांचेही काम अडले, आणि चूक कोणाची हे समजण्यात अर्धा दिवस गेला. जाळ्याची रचना अशी होती की प्रवाशाने दोन्ही गावांचे पत्ते पाठ करावेत, आणि चुकल्यास दोषही त्याच्याच माथी यावा.

वस्तुतः या दुखण्यावरचा उपाय तोवर जुना झाला होता. यंत्राने स्वतःचा पत्ता स्वतःजवळ न बाळगता तो जाळ्याला विचारावा ही कल्पना १९८४ आणि १९८५ मधील दोन नियमावल्यांत दिसते. त्यांतील दुसरी, 'बूटपी', बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी लिहिली. परंतु कोणत्या यंत्राला कोणता पत्ता द्यावयाचा याची वही तेव्हाही हातानेच भरावी लागे. नवख्या पाहुण्याला त्या वहीत स्थान नव्हते. ही उणीव राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलेल्या 'डीएचसीपी' या पद्धतीने दूर केली. तिचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९९३ चा असून, पुढे रूढ झालेला पाठ मार्च १९९७ चा आहे.

या पद्धतीतील संवाद चार वाक्यांचा आहे. नव्याने आलेल्या यंत्राला स्वतःचा पत्ता नसतो आणि कोणाला विचारावे हेही ठाऊक नसते. म्हणून गावच्या चावडीवर येऊन नवख्याने सर्वांना उद्देशून हाक घालावी तसे ते विचारते, 'येथे पत्ता देणारा कोणी आहे काय?' पत्ते वाटणारे यंत्र उत्तर देते, 'अमुक पत्ता घे.' पाहुणा म्हणतो, 'तोच मला द्यावा.' आणि चौथे वाक्य मान्यतेचे असते. दिलेला पत्ता मालकीचा नसून मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिलेला असतो. मुदत निम्मी सरली की यंत्र ती वाढवून मागते. यंत्र न सांगता निघून गेले तर मुदत संपेपर्यंत ती खोली रिकामी राहते, आणि मग दुसऱ्यास मिळते.

याच पद्धतीत आणखी एक बारकावा आहे, आणि प्रस्तुत विवेचनात त्याला विशेष महत्त्व आहे. पूर्वी कधी पत्ता मिळालेले यंत्र पुन्हा जोडले गेले म्हणजे ते प्रथम आपला मागचाच पत्ता मागू शकते. कार्यालयातून घरी आलेले यंत्र अशा वेळी घरच्या जाळ्याकडे कार्यालयाचा पत्ता मागते. तो या गावचा नव्हे, हे जाणून पत्ते वाटणारे यंत्र स्पष्ट नकार देते. नकार मिळताच पाहुणा पहिल्या प्रश्नापासून पुन्हा आरंभ करतो, आणि त्याला येथला पत्ता मिळतो. जुन्या गावची सवय नव्या गावात घेऊन येणे हा येथे अपराध मानलेला नाही. ती अपेक्षित गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी नियमातच जागा राखून ठेवली आहे.

असे असता वर सांगितलेली चिठ्ठी २००५ नंतरही का टिकली? याचे उत्तर तंत्रात नसून कारभारात आहे. ठरीव पत्ता असला की कोणत्या टेबलावरून काय पाहिले गेले याची नोंद ठेवणे सोपे जाते. पत्ता हा केवळ मुक्काम न राहता हजेरीपटावरचा क्रमांक बनतो. अनेक कार्यालयांनी याच कारणास्तव ठरीव पत्ते चालू ठेवले. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये लॅपटॉपसाठी जी तडजोड होती तीही हेच दर्शवते. यंत्राने आधी जाळ्याला पत्ता विचारावा, आणि उत्तर न आल्यास आधी लिहून ठेवलेला पर्यायी पत्ता वापरावा, अशी ती सोय होती. एकापेक्षा अधिक जाळ्यांवर वापरल्या जाणाऱ्या यंत्रासाठी ही सोय आहे, असे तेथे शब्दांतच सांगितलेले होते. चिठ्ठी लॅपटॉपच्या बुडावरून निघून त्याच्या पोटात गेली, एवढेच.

शिवाय पत्ता बदलला तरी सवयी बदलत नाहीत. कार्यालयात सर्व रहदारी एका मध्यस्थ यंत्रामार्फत, म्हणजे प्रॉक्सीमार्फत, जात असेल, तर न्याहाळकाला ते सांगून ठेवलेले असते. घरी तो मध्यस्थ नसतो, पण न्याहाळक त्यालाच शोधीत बसतो. जोडणी उत्तम असूनही एकही पान उघडत नाही. १९९६ साली नेटस्केपने यावर एक उपाय काढला : मध्यस्थ कधी वापरावा आणि कधी वापरू नये याचे नियमच एका लहानशा फायलीत लिहून ठेवावे. छपाई यंत्राची गतही अशीच. घरून धाडलेला कागद कार्यालयातील छपाई यंत्राच्या रांगेत अडकून राहतो. २००९ च्या विंडोज ७ मध्ये जाळे ओळखून छपाई यंत्र आपोआप बदलण्याची सोय काही आवृत्त्यांत आली. या प्रत्येक सुधारणेत 'मी आता कोठे आहे' हे जाणण्याची जबाबदारी माणसाकडून यंत्राकडे सरकलेली दिसते.

'कोठे' या शब्दाचा अर्थ यंत्राने कसा लावला, हा भाषेच्या विद्यार्थ्यास सर्वांत उद्बोधक वाटेल असा भाग आहे. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने नवे जाळे दिसताच तीन पर्याय पुढे ठेवले : घर, कार्यालय, सार्वजनिक ठिकाण. गंमत अशी की, संरक्षणाच्या दृष्टीने घर आणि कार्यालय यांना तेथे एकच नियम लागू होता. शब्द दोन, अर्थ एक. विंडोज ७ मध्ये घर आणि कार्यालय यांत काहीसा खरा भेद आला, कारण घरातल्या यंत्रांचा आपसात गट करण्याची सोय केवळ 'घर' म्हटल्यासच मिळे. परंतु २०१५ च्या विंडोज १० मध्ये दोनच शब्द उरले, खासगी आणि सार्वजनिक. घर आणि कार्यालय हे दोन्ही शब्द यंत्राच्या त्या प्रश्नातून नाहीसे झाले. शब्दसंग्रह लहान झाला म्हणजे वापरणाऱ्याची सोय होते, हे खरे. पण ज्या भेदाला शब्द उरत नाही तो भेद सांभाळण्याचे काम मग दुसऱ्या कोणास तरी करावे लागते.

दरम्यान आणखी एक अडचण उद्भवली. पत्ते अपुरे पडू लागले तेव्हा, फेब्रुवारी १९९६ च्या नियमाने काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. ते कोणीही आपल्या जाळ्यात वापरावे. बाहेरच्या जगात त्यांना अर्थ नाही. परिणामी लाखो घरांत आणि कार्यालयांत १९२.१६८ ने आरंभ होणारे तेच ते पत्ते दिसू लागले. पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रभर विखुरलेली आहेत. नाशिक जिल्ह्यातील एकाला म्हणून 'बसवंत' जोडावे लागले. संगणकाच्या पत्त्याला असे उपपद नाही. एरवी यात काही बिघडत नाही. पण घरून कार्यालयाच्या जाळ्यात शिरावयाचे झाले, आणि दोन्हीकडे तेच पत्ते असले, तर अमुक पत्त्यावरचे यंत्र म्हणजे घरचे की कार्यालयाचे हे कळेनासे होते.

'राहणार' आणि 'हल्ली मुक्काम' यांचा भेद स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय दोन प्रयत्नांना द्यावे लागेल. ऑक्टोबर १९९६ मध्ये चार्ल्स पर्किन्स यांच्या संपादनाखाली फिरत्या यंत्रांसाठी एक नियमावली प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक यंत्राला दोन पत्ते कल्पिले आहेत : एक कायमचा घरचा, आणि दुसरा तात्पुरता. या दुसऱ्याला तेथे 'केअर ऑफ' असे टपालातलेच नाव दिले आहे. आपण पाकिटावर 'मार्फत' लिहितो तेच हे. आपल्या 'रा.' आणि 'ह. मु.' यांचे इतके तंतोतंत प्रतिरूप क्वचितच सापडेल. ही पद्धत कार्यालयांत आणि घरांत फारशी रूढ झाली नाही, परंतु विचार योग्य होता. दुसरा प्रयत्न 'एड्युरोम' हा. त्याची कल्पना २००२ साली नेदरलँड्समधील क्लास विरेंगा यांनी मांडली. एका विद्यापीठाचा अध्यापक दुसऱ्या विद्यापीठात गेला असता त्याची ओळख त्याच्या मूळ संस्थेकडून पटवून घ्यावी आणि त्याला तेथले जाळे खुले करावे, असे तिचे तत्त्व आहे. भारतात ही व्यवस्था अर्नेट पाहते. पत्ता यजमानाने द्यावा, पण ओळख प्रवाशाची स्वतःची असावी, हा विवेक येथे पूर्ण झालेला दिसतो.

या इतिहासातील अखेरचे वळण २५ मार्च २०२० रोजी सुरू झालेल्या टाळेबंदीने आणले. कार्यालये बंद झाली आणि कार्यालयांची यंत्रे घरी गेली. घरून कार्यालयाच्या जाळ्यात शिरण्याचे साधन, म्हणजे व्हीपीएन, नव्वदच्या दशकापासून उपलब्ध होते. पण आपल्याकडे तंत्राच्या आड कायदा होता. दूरध्वनी-आधारित सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यास घरून काम करू द्यावयाचे तर २००८ च्या अटींनुसार त्यांना १ कोटी रुपयांची हमी द्यावी लागे. मार्च २०२० मध्ये ही अट तात्पुरती शिथिल झाली, आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी घरून काम करणे कायमचे सोपे केले. तोपर्यंत कर्मचाऱ्याचे घर आणि कंपनीचे जाळे यांचा संबंध ही शासनाच्या लेखी संशयास्पद गोष्ट होती. त्यानंतर ती सामान्य व्यवहाराची गोष्ट झाली.

या घटनेने प्रश्नाची दिशाच पालटली. पूर्वी यंत्र दोन जाळ्यांत ये-जा करीत होते. आता यंत्र घरीच राहिले आणि कार्यालयाचे जाळे घरात आले. चिठ्ठी काढून चार ओळी पुसण्याचा त्रास मोठा होता हे मी वर सांगितलेच आहे. पण त्या पुसण्याने एक गोष्ट साधत असे. दिवसाचे काम संपले हे हाताला कळत असे. तो उंबरठा आज उरला नाही. यंत्राने 'घर' आणि 'कार्यालय' हे शब्द टाकून दिले असल्यामुळे तो भेद राखण्याचे काम माणसावरच येऊन पडले आहे.

शेवटी भाषेचा एक प्रश्न मांडून हे विवेचन पुरे करतो. भंडारा जिल्ह्यातील पुष्कळ माणसे घरी झाडीबोली किंवा पोवारी बोलतात आणि कार्यालयात प्रमाण मराठी. झाडीबोलीत 'ळ' च्या जागी 'र' आणि 'ण' च्या जागी 'न' येतो. घरचा 'डोरा' शाळेत 'डोळा' होतो, आणि 'पानी' चे 'पाणी'. ही ये-जा लॅपटॉपच्या ये-जा करण्याहून फार जुनी आहे. पण तिच्यात अद्याप चिठ्ठीचेच युग चालू आहे. दोन्ही गावांचे पत्ते पाठ करण्याचा भार बोलणाऱ्यावर आहे, आणि अंक चुकला की दोषही त्याचाच. संगणकजाळ्यांच्या रचनाकारांनी १९९३ पर्यंत एक गोष्ट जाणली होती : नवख्याने घरचा पत्ता सांगितला तर 'हा येथला नव्हे' असे सांगावयास हरकत नाही, परंतु त्यानंतर लगेच येथला पत्ता देण्याची जबाबदारी यजमानाची आहे. आपल्या वर्गात 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला नकार तत्काळ मिळतो. त्यापुढचे वाक्य त्याला कोण ऐकवतो, याचा विचार अध्यापन करणाऱ्या आपण सर्वांनीच केला पाहिजे.